सरळ थांबलेली गाडी

नासिर मिस्त्रीचं गॅरेज महाडला गांधारपाल्याच्या लेण्यांखाली, हायवेला लागून. वर पत्रा, बाजूला फणस आणि मागच्या अंगाला त्याचंच घर. उमेदीची सगळी वर्षं शारजात काढून तो परतला तेव्हा लोकांना वाटलं होतं, आता मिस्त्री गाळे बांधणार आणि भाडं खात बसणार. पण माणसाने आल्या आल्या जमीन सपाट करून घेतली, एक चांगला जॅक आणला आणि टेम्पो, रिक्षा, विटांचे ट्रॅक्टर जे येईल ते दुरुस्त करायला सुरुवात केली. त्याची बायको महरुन्निसा म्हणायची, "ह्यांना देवाने बोटांऐवजी पाने दिले असते तरी चाललं असतं."

शारजात त्याचं काम मात्र वेगळं होतं. एका धनवान माणसाने जुन्या गाड्यांचा संग्रह केला होता. इंग्लंडच्या, इटलीच्या, जर्मनीच्या. थंडगार हॉलमध्ये त्या पांढऱ्या चादरी पांघरून उभ्या असत. नासिरने त्यांची इंजिनं उघडली, ब्रेक जुळवले, एकेक स्क्रू पुसून जागेवर लावला. पण त्या गाड्या रस्त्यावर गेलेल्या त्याने कधी पाहिल्याच नाहीत. फार तर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलायच्या. त्याचा उस्ताद अबू याकूब म्हणायचा, "गाडी पळवणं इंजिनाचं काम, घरी आणणं ब्रेकचं." त्यावर नासिरच्या मनात यायचं, ह्या बिचाऱ्या घरातून बाहेरच पडत नाहीत, तर आणायचं काय!

म्हणूनच त्या श्रावणातल्या दुपारी हायवेवरून तो आवाज आला, तेव्हा त्याच्या हातातला पाना हातातच राहिला. आवाज भारदस्त, जरा घोगरा, आणि प्रत्येक गिअरला सूर बदलणारा. असा आवाज त्याने बंद हॉलमध्ये ऐकला होता, उघड्या आभाळाखाली आज पहिल्यांदाच. तो टेम्पोखालून सरकत बाहेर आला.

गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. दोन माणसांची, बिनटपाची, शेवाळी हिरव्या रंगाची. लांबलचक नाक आणि तारांची चाकं. दारापर्यंत लाल चिखल उडालेला. आरशाला एक ओलं पान चिकटलेलं. नासिर त्या चिखलाकडे बघतच राहिला. शारजात अशाच एका गाडीवर धुळीचा कण दिसला म्हणून एका माणसाची नोकरी गेली होती.

"नासिरभाय तुम्हीच ना?" आतून उतरलेल्या उंच, पिकल्या केसांच्या माणसाने विचारलं. "मी सुहास मोरे. पोलादपूरचा. जहाजावर इंजिनीअर होतो, आता घरी असतो."

"आणि ही?"

"हिला पाचगणीला एका बंगल्याच्या मागे गवताच्या भाऱ्यांखाली बघितली. सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. साठ वर्षांपूर्वीची गाडी आहे, नासिरभाय. माझ्याएवढीच. बघितली त्या दिवसापासून हिच्यातच आहे मी. बायको म्हणते, बोटीवर होतात तेव्हा निदान सुट्टीत तरी घरी यायचात."

दोघेही हसले. मग मोरे गंभीर झाले. गाडी चालते छान, पण ब्रेक दाबला की डावीकडे ओढते, असं त्यांनी सांगितलं. सपाटीवर थोडं. आंबेनळी घाट उतरताना मात्र अशी ओढते की परवा वळणावर डावं चाक कठड्याला घासून गेलं. डावीकडचा सगळा ब्रेक त्यांनी स्वतः उघडला होता. रबरं बदलली, पॅड बदलले, पाइप बदलला. फरक शून्य.

नासिर खाली वाकला. आधी डाव्या पुढच्या चाकाजवळ हात नेला, आणि चटकन मागे घेतला. चटका बसत होता. मग वळसा घालून उजव्या चाकाशी बसला. तिथे हात खुशाल ठेवता येत होता.

"मोरेसाहेब, डावा बैल ताकदीने ओढतोय त्यात त्याचा काय गुन्हा?" तो म्हणाला. "उजवा जोर लावीत नाय, असं तर नाय ना?"

मोरेंनी कपाळावर हात मारला. "मी दोन महिने चुकीच्या बैलाला झोडपतोय!"

"अजून बघायचं हाय. उघडू या."

गाडी जॅकवर चढली, उजवं चाक निघालं. आत लोखंडाची चकचकीत तबकडी, म्हणजे डिस्क. आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा कॅलिपर. ब्रेक दाबला की कॅलिपरमधले दोन पॅड दोन्हीकडून तबकडी आवळतात, आणि चाक थांबतं. काम इतकं साधं. पण चिमटा तबकडीवर सरळ बसलेला असला पाहिजे. नासिरने पॅड बाहेर काढून उजेडात धरले. एका टोकाला झिजून पातळ, दुसऱ्या टोकाला अजून जाड. पाचरीसारखे.

"तिरका बसलाय," मोरे हळूच म्हणाले. "अहो, हा तिरका बसलाय!"

बोटीवर त्यांनी खांबाएवढाले शाफ्ट सरळ रेषेत आणले होते, त्यामुळे त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी बाह्या वर केल्या, शर्टाची काळजी सोडली आणि नासिरच्या शेजारी फरशीवर मांडी घातली. नासिरने पात्यांची गेज काढली. केसासारखी पातळ पोलादी पाती असतात, ती फटीत सरकवून फट किती आहे ते कळतं. तबकडी आणि कॅलिपर यांच्यात वर एक पातं शिरलं, खाली तेच पातं अडलं. आतल्या बाजूला नेमकं उलटं.

कॅलिपर उतरवून त्याने तारेने टांगला. ज्या दोन लोखंडी कानांवर तो बसतो, त्यांच्यावर बोट फिरवलं आणि त्याचं बोट वरच्या कानावर थबकलं. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. पण बोटाला एक उंचवटा लागत होता, पिकलेल्या जखमेवरच्या खपलीसारखा.

"रंग," तो म्हणाला.

कुणीतरी, कधीतरी, ही गाडी नवी दिसावी म्हणून आतल्या भागांनाही रंग दिला होता. एकावर एक थर. खालच्या कानावरचा रंग गळून गेला, वरच्यावरचा तसाच राहिला. एवढ्याशा रंगाने चिमट्याची मान वाकडी झाली होती.

"एवढ्याने?" मोरेंनी ब्लेडच्या टोकाने ती खपली उचलली आणि तळहातावर घेतली. चिमूटभर काळे पापुद्रे. "ह्यासाठी मी दरीत जाणार होतो?"

नासिरने त्या पापुद्र्यांकडे पाहिलं. इतकी वर्षं या कामात काढूनही अशा वेळी त्याच्या अंगावर काटा येई. हजार किलोची गाडी, आत दोन जीव, आणि सगळं येऊन टेकलेलं नखाएवढ्या रंगावर. अल्लाने लहान गोष्टींना केवढी ताकद दिली आहे, असं त्याला वाटे, आणि मग हातातला पाना तो जास्तच जपून धरे.

रंग खरवडून दोन्ही कान उघडे केले. कॅलिपर पुन्हा बसवला तर आता तो सरळ होता, पण तबकडी बरोबर मधोमध येत नव्हती. जराशी आत झुकत होती. अशा वेळी कान आणि कॅलिपर यांच्यामध्ये पातळ पत्र्याची चकती घालतात, तिला शिम म्हणतात. नासिरने शारजाहून आणलेला पितळी पत्रा घरातून मागवला. महरुन्निसाने तो आणला, आणि तिथेच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मोरे पत्रा कापायला बसले. जहाजावरच्या सवयीने त्यांची कात्री अशी फिरत होती की नासिरला बघत राहावंसं वाटलं. घोड्याच्या नालासारखी एकेक चकती सुटून येत होती, कडेला कुसळही नाही.

"तुमच्या हातात शिंप्याची कला हाय हो," नासिर म्हणाला.

"बोटीवर कपडेही मीच शिवायचो."

एक चकती घातली, मोजली, जास्त झाली. पातळ घातली, कमी पडली. पुन्हा बोल्ट सोडायचे, पुन्हा आवळायचे. दुपार कलली. फणसाची सावली गाडीच्या नाकावर आली. शेवटी पातं वर शिरलं, खाली शिरलं, आत शिरलं, बाहेर शिरलं, चारी ठिकाणी तितक्याच नाजूक अडखळीने.

ब्रेकच्या नळीतली हवा काढायला कुणीतरी आत बसून पेडल दाबायला हवं होतं. मोरे तेलाची बाटली धरून, नासिर चाकाशी.

"मी बसते," महरुन्निसा म्हणाली, आणि पदर खोचून सरळ सीटवर जाऊन बसली.

"भाभी, तुम्हाला जमेल?"

"शिलाई मशीन चालवते मी. पाय माझं ऐकतात."

"दाब," नासिर म्हणे. ती दाबे. "धर. सोड." नळीतून आधी काळपट तेल आलं, मग बुडबुडे, मग मधासारखं स्वच्छ. पेडल घट्ट झालं तसं तिलाच आधी कळलं. "आता लागला," ती म्हणाली. "आधी भातात पाय टाकल्यासारखं वाटत होतं. आता जमिनीवर पडला."

मग नासिरने उजवं चाक हाताने फिरवलं. ते फिरलं. कुठे घासलं नाही, कुजबुजलं नाही. तारांचा नुसता रुपेरी धूर झाला आणि चाक फिरतच राहिलं.  हायवेवरून कंटेनर धडधडत गेले, तरी तिघांना ती शांतता ऐकू येत होती.

"उद्या सकाळी घाटात," मोरे म्हणाले. "आणि उतरताना चालवणार तुम्ही."

"मी?" नासिरने हात पुसता पुसता विचारलं. "मी अशा गाड्या नुसत्या पुसल्यात, साहेब."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते निघाले. सावित्री नदी डाव्या-उजव्या हाताला खेळत होती. पोलादपूरला वळून त्यांनी महाबळेश्वरचा रस्ता धरला. कापडे गावच्या शेतांत भात पोटरीला आला होता. चढ लागला तसं धुकं खाली येऊ लागलं. मोरे चालवत होते. टप नसल्याने सगळं अंगावर येत होतं. ओल्या कुड्याचा वास, धबधब्याचे तुषार, कुठल्याशा पाखराची लांब शीळ. नासिर गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसला होता. बाकी काही बघायचं त्याला सुचलंच नाही.

वाडा गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी वळवली. मोरे उतरले आणि चालकाचं दार उघडून धरलं, नवऱ्या मुलासाठी धरतात तसं. नासिरने बिस्मिल्ला म्हणून आत पाय ठेवला.

पहिली काही वळणं तो जीव मुठीत धरून उतरला. मग एक सरळ तुकडा आला. समोर कुणी नव्हतं. त्याने स्टिअरिंगवरची बोटं सैल केली, नुसती टेकलेली ठेवली, आणि ब्रेक दाबला. गाडी डावीकडे गेली नाही, उजवीकडे गेली नाही. कुणी वरून दोरीने धरावी तशी जागच्या जागी विसावली.

"पुन्हा," मोरे म्हणाले. त्यांचा आवाज लहान झाला होता.

पुन्हा दाबला. पुन्हा तसंच. दोघे उतरून चाकांपाशी गेले. एकाने डावीकडे हात धरला, एकाने उजवीकडे, मग जागा बदलल्या. दोन्हीकडे ऊब सारखीच. नासिरच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते धुक्यावर ढकललं.

पुढे रस्त्याला उतार जास्त होता. डावीकडे कठडा ढासळलेला, त्याच्यापलीकडे धुक्याने भरलेली दरी. उजवीकडे उभा डोंगर. रस्त्यावर ओल्या पानांचा सडा. नासिरने गिअर खाली आणला. तेवढ्यात त्याला दिसलं की उजवीकडच्या कातळावरून येणारं पाणी, जे आतापर्यंत पांढरं होतं, ते लाल झालंय. चार-दोन खडे टणटण करत रस्ता ओलांडून गेले. आणि वर, धुक्याच्या कडेला, एक उंबर चालत होता.

त्याला आधी वाटलं, धुकं हलतंय. पण धुकं स्थिर होतं. झाडच सरकत होतं. ताठ उभं, पानंसुद्धा न हलवता, सावकाश खाली येत होतं.

त्याने ब्रेक दाबला. विचार केला नाही, फक्त दाबला. होता नव्हता तेवढा पाय. ओल्या पानांवर, उतारावर, वळणाच्या तोंडाशी गाडी नाक खाली करून उभी राहिली. सरळ. ढासळलेला कठडा डाव्या चाकापासून जितका लांब होता, तितकाच लांब राहिला.

आणि मग समोरचा डोंगर खाली आला.

आवाज आधी कानांना नाही, पोटाला कळला. गाडीचं स्टिअरिंग हातात थरथरलं. लाल माती, काळे दगड, मुळं, अख्खी झुडपं असं सगळं एकजीव होऊन, तव्यावर घावन पसरावं तसं रस्त्यावर पसरलं आणि काठ ओलांडून दरीत उतरलं. त्यात घाई नव्हती. एवढी मोठी गोष्ट इतकी सावकाश होऊ शकते हे नासिरला ठाऊक नव्हतं.  शेजारी मोरेंनी हात जोडले होते. कुणाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"मागे घ्या," मोरे अचानक भानावर येऊन ओरडले. "नासिरभाय, मागे!"

नासिरने गाडी मागे घेतली, वळणाच्या वर, भक्कम कातळाखाली. वरून एसटीचा हॉर्न ऐकू आला. मोरे उडी मारून उतरले आणि अंगातला पांढरा शर्ट काढून, तो हलवत, गुडघ्यांची पर्वा न करता चढावर पळाले. "थांब रे! दरड हाय! थांब!" सगळी शुद्ध भाषा कुठच्या कुठे गेली आणि पोलादपूरचा गडी ओरडू लागला. एसटी करकचून थांबली.

खाली दरडीपाशी आता शांतता होती. नासिर एकटाच पुढे चालत गेला. ताज्या फाटलेल्या मातीचा वास होता, तुटलेल्या मुळांचा, थंड, आदिम. आणि त्या सगळ्या राड्याच्या मधोमध, बरोबर रस्त्यावर, तो उंबर उभा होता. ताठ. आपल्या मुळांत आपल्या जागेची माती घेऊन आलेला. वर फांदीवर एक पाखरू बसलं होतं. ते उडालंही नव्हतं.

वेळेत थांबली नसती तर गाडी त्या उंबराच्या जागी असती, हे नासिरला उभ्या उभ्या कळलं. परवाच्यासारखी डावीकडे ओढली असती तर दरीत असती. पण ते कळणं भीतीसारखं नव्हतं. मशिदीत पहिल्या रांगेत उभं राहिल्यावर मन जसं रिकामं होतं, तसं काहीतरी झालं होतं. आपण किती लहान, आणि तरी कसे अजून इथे.

एसटीतले लोक उतरून आले. या तालुक्यात दरड म्हटलं की माणसं बोलायची थांबतात. तशीच ती थांबली. बाजाराची पाटी डोक्यावरून उतरवत ठमाबाई म्हणून एक म्हातारी पुढे आली. तिने दरडीकडे पाहिलं, उंबराकडे पाहिलं, मग हिरव्या गाडीकडे.

"ह्याच्यात व्हतंव तुमी?"

"होय, आजी."

"कुणी थांबवली?"

 मोरे उघड्या अंगाने धापा टाकत आले होते. त्यांनी नासिरच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यांच्या पायाने," ते म्हणाले. "आणि ह्यांच्या बायकोच्या."

म्हातारीला काही कळलं नाही, पण तिने पाटीतली दोन केळी काढून दोघांच्या हातांवर ठेवली. "खावा. अंगात कायतरी जाऊ द्या."

जेसीबी यायला दुपार झाली. चालकाने माती ओढून एका गाडीपुरती वाट केली. उंबरापाशी आला तेव्हा तो जरा थांबला, खाली उतरून झाडाभोवती फिरला, आणि तोडायच्या ऐवजी बकेट मुळांखाली घालून त्याने झाड हळूहळू डोंगराच्या बाजूला सरकवलं. कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

वाट मोकळी झाल्यावर मोरेंनी चावी पुढे केली. नासिरने मान हलवली.

"आता तुम्ही चालवा, साहेब," तो म्हणाला. "मला बघायचंय."

धुकं उठलं होतं. गाडी चिखलातून सावकाश निघाली, उंबराच्या ओल्या पानांना घासून, दरीच्या कडेने. खाली, फार खाली, भाताची खाचरं एकावर एक लागली होती आणि त्यांच्यामधून पाण्याची चमकती रेघ पोलादपूरकडे चालली होती. साठीला आलेला माणूस, जन्मलेला, वाढलेला याच डोंगरांच्या पायथ्याशी; पण हात मांडीवर ठेवून, कशालाही कान न लावता, नासिर हे आज पहिल्यांदा बघत होता.  प्रत्येक वळणावर गाडी मंद होई, सरळ राही, आणि दरीचा नवा तुकडा उलगडे, आणि नासिरची मान आपोआप तिकडे वळे.